भार कुणाचा? १५ जानेवारी १९९० च्या दुपारचं एक प्रकरण

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्यावर पहिल्या आठवड्यात मी शिकलो ते बझर बंद करायला. लाल दिवा लागतो, बझर कोकलायला लागतो आणि त्या कोकलण्यात कुणालाच काही सुचत नाही. आमचे सीनियर यायचे, आधी बटण दाबायचे, मग खुर्ची ओढून प्रिंटरमधून सरकणारा कागद वाचायला बसायचे. "दिवा कुठे पळून जात नाही. कागद काय म्हणतो ते बघ." अलार्म ओव्हरलोडचा असला की त्यांचा एकच प्रश्न असायचा: "भार कुणाचा?"

तेव्हा मला हा प्रश्न उगीचचा वाटायचा. भार गिऱ्हाइकांचाच असणार, आणखी कुणाचा? पुढे अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या नेटवर्कची १९९० सालची कथा तपशिलात वाचली, तेव्हा कुठे त्या प्रश्नाची खोली कळली. हे प्रकरण टेलिकॉमवाल्यांच्या प्रशिक्षणात आणि प्रोग्रामरांच्या गप्पांत अजून निघतं. पण बहुतेक वेळा सांगणारा प्रोग्रामातल्या 'ब्रेक' या एका शब्दावर येऊन थांबतो. मला ते ओव्हरलोडच्या बाजूने सांगायचं आहे.

आधी आपल्याकडचं एक उदाहरण, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, पाव दर रात्री अकराला सुरू व्हायचा ते दिवस आठवा. पावणेअकरापासून पीसीओच्या बाहेर रांग, आत काचेच्या खोलीत एक जण रिसीव्हर कानाला लावून घड्याळाकडे बघतोय. अकरा वाजले की शहरभर बोटं एकदम डायलवर. ट्रंक, म्हणजे गावागावांना जोडणाऱ्या लाइनी, भरतात आणि रेकॉर्डवरच्या बाई सांगायला लागतात, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत." ऐकणारा काय करतो? बाईंचं वाक्य पुरं होण्याआधी फोन ठेवतो आणि पुन्हा फिरवतो.

एक्स्चेंजच्या प्रोसेसरला मारतं ते हे पुन्हा फिरवणं. लागलेल्या कॉलवर माणसं दहा मिनिटं बोलत राहिली तरी प्रोसेसरला त्याचं फारसं काही नसतं. त्याचं काम कॉल जोडताना आणि तोडताना. न लागलेला कॉलही जवळजवळ तेवढंच काम करून घेतो, आणि हाती काही लागत नाही. त्यातून प्रोसेसर दमला की डायल टोन उशिरा येतो. माणूस टोनची वाट न बघता आकडे फिरवतो, पहिले दोन आकडे हवेत जातात, उरलेल्या अर्धवट नंबरावर यंत्र डोकं खपवत बसतं. म्हणून ओव्हरलोडमध्ये एका हद्दीनंतर येणारे प्रयत्न वाढत जातात आणि पुरे होणारे कॉल चक्क कमी होतात. डेन्मार्कचे गणितज्ञ एरलांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं गणित किती ट्रंक असल्या म्हणजे किती कॉल परत जातील हे सांगतं, पण परत गेलेला माणूस गपचूप घरी जातो असं त्यात धरलेलं आहे. प्रत्यक्षात तो जात नाही. तो तिथेच उभा राहून बटणं दाबतो.

यावरचे उपाय सगळ्या डिजिटल स्विचमध्ये, म्हणजे कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या यंत्रांमध्ये, थोड्याफार फरकाने सारखे असतात. जे कॉल जोडले जात आहेत ते आधी पुरे करायचे, नवे घेणं कमी करायचं, आतली तपासणी आणि हिशेबाची बारीकसारीक कामं पुढे ढकलायची आणि शेजारच्या स्विचना कळवायचं की बाबांनो, थोडा वेळ माझ्याकडे पाठवू नका. काही सिस्टीममध्ये तर शेवटी आलेल्याला आधी डायल टोन देतात. रेशनच्या रांगेत असं केलं तर मारामारी होईल, पण इथे ते शहाणपणाचं आहे. जो बराच वेळ ताटकळलाय तो एव्हाना टोनशिवाय आकडे फिरवून मोकळा झालेला असतो, त्याला दिलेला टोन फुकट जातो. नुकताच रिसीव्हर उचललेला माणूस मात्र टोन ऐकून नीट नंबर फिरवतो.

आता त्या दुपारकडे.

सोमवार, १५ जानेवारी १९९०. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची अमेरिकेत सुट्टी. एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं नेटवर्क ११४ मोठ्या स्विचवर उभं होतं. स्विचचं नाव ४ ईएसएस. पहिलं १९७६ मध्ये शिकागोत सुरू झालं होतं, आणि एकेक स्विच तासाला सात लाखांपर्यंत कॉल हाताळू शकत असे. सगळ्यांवर नजर ठेवणारं केंद्र न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर गावात. तिथल्या भिंतीवर ७५ पडदे होते. दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी त्या पडद्यांवर लाल इशारे उमटू लागले. एका स्विचचे नव्हे. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून, एकामागून एक.

सुरुवात न्यू यॉर्कच्या एका स्विचपासून झाली. ती कशाने झाली याचे दोन पाठ आहेत. कंपनीच्या निवेदनात किरकोळ हार्डवेअर बिघाड म्हटलं आहे. दुसरा, तितकाच प्रचलित पाठ असा की स्विचने स्वतःची तपासणी केली आणि आपण भाराच्या मर्यादेजवळ पोचलोय असं त्याला आढळलं. पुढे जे घडलं ते दोन्ही पाठांत एकच आहे. स्विचने ठरलेली गोष्ट केली: चार ते सहा सेकंद नवे कॉल घेणं थांबवलं, सिग्नलिंगच्या जाळ्यावरून इतरांना कळवलं की तूर्त माझ्याकडे काही पाठवू नका, स्वतःला सावरलं आणि परत कामाला लागलं. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही अशी ही नेहमीची बाब. आमच्याकडे असं झालं असतं तर लॉगबुकात एक ओळ लिहून आम्ही चहाला गेलो असतो.

सिग्नलिंगच्या जाळ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पूर्वी कॉल जोडायच्या खुणा बोलण्याच्या तारेवरूनच सुरांच्या रूपात जायच्या. मग बोलणं वेगळ्या वाटेने आणि खुणा वेगळ्या वाटेने, अशी व्यवस्था आली. तिचं त्या वेळचं नवं रूप म्हणजे सिग्नलिंग सिस्टीम ७. कॉल झटकन लागतो, समोरचा बिझी असेल तर ट्रंक अडकून पडत नाही, सगळा फायदाच. पण या वाटेवर प्रत्येक स्विच इतर प्रत्येकाशी सारखा बोलत असतो. कुणी आजारी पडला तर बातमी क्षणात सगळ्यांकडे जाते, आणि बरा झाला तरी तसंच.

या 'बरा झालो' भागातच डिसेंबर १९८९ च्या मध्याला एक सुधारणा केली होती. आधी सावरलेला स्विच 'मी परत आलो' असा वेगळा निरोप धाडायचा, इतर स्विच त्याची खातरजमा करून आपल्या नोंदी बदलायचे आणि मग वाहतूक सुरू व्हायची. नव्या प्रोग्रामात तो वेगळा निरोप काढून टाकला. सावरलेल्या स्विचने थेट कॉल पाठवायला लागायचं. त्याच्याकडून कॉल आला की इतरांनी समजायचं, गडी उठला. वेळ वाचतो, निरोप वाचतो. कागदावर बघितलं तर मीही सही केली असती.

पण आता न्यू यॉर्क परत आलं तेव्हा त्याच्याकडे चार-सहा सेकंदांचे तुंबलेले कॉल होते. ते त्याने एकदम सोडले. दुसऱ्या गावच्या स्विचला पहिला निरोप मिळाला. त्याने 'न्यू यॉर्क सुरू' अशी नोंद करायला घेतली. शाई अजून ओली आणि दहा मिलिसेकंदांच्या आत दुसरा निरोप येऊन धडकला. खरं तर पहिलं काम संपेपर्यंत दुसऱ्याने बाजूला थांबायला हवं होतं. प्रोग्रामातल्या चुकीमुळे तो थांबला नाही, आधीच्या महत्त्वाच्या नोंदींवरच लिहिला गेला. स्विचच्या राखणदार भागाला कळलं की वही बिघडली आहे. मग त्यानेही ठरलेलंच केलं: जोडीच्या प्रोसेसरकडे काम सोपवलं आणि स्वतःला नव्याने सुरू करायला घेतलं. जोडीदारही तोच प्रोग्राम चालवत होता. त्याच्यावरही असेच दोन निरोप लागोपाठ आले आणि तोही त्याच खड्ड्यात पडला. आता हा दुसरा स्विच चार-सहा सेकंद बंद. त्याने सगळ्यांना कळवलं. तो सावरला. तुंबलेले कॉल त्याने एकदम सोडले.

पुढचं वाचकांनी ओळखलंच असेल. एकशे चौदा जण, सगळ्यांकडे एकच प्रोग्राम, आणि प्रत्येक जण बरा होताना दुसऱ्याला आजार देतो.

यातलं अवघड काय, तर कुठलाही स्विच मेलेला नव्हता. मेलेलं यंत्र सोपं असतं हो. दार उघडायचं, कार्ड बदलायचं. इथे प्रत्येक स्विच काही सेकंद आडवा व्हायचा आणि परत धडधाकट उभा राहायचा. अलार्म लागायचा आणि आपोआप जायचा, तोवर चार दुसरीकडे लागलेले. एक्स्चेंजमध्ये काम केलेल्याला विचारा, आपोआप जाणारा अलार्म म्हणजे काय त्रास असतो. साहेबाला फोन करून सांगावं तर तोवर दिवा हिरवा, आणि साहेब म्हणणार, "मग मला कशाला उठवलंत?" अलार्मच्या यादीत असे आपोआप गेलेले अलार्म वेगळे काढून त्यांची वेळ लावून बघितली तरच त्यात काही आकार दिसतो. एकेक करून बघितले तर प्रत्येक जण 'मी ठीक आहे' असंच सांगतो.

नऊ तास हे चाललं. लांब पल्ल्याच्या कॉलपैकी निम्मे लागतच नव्हते. न लागलेल्या कॉलचा अंदाज साडेसहा ते सात कोटींचा आहे. त्या सुमारास अख्ख्या भारतात सगळे मिळून पन्नासेक लाख फोन होते, म्हणजे आकार लक्षात येईल. विमान कंपन्या, हॉटेलं, गाड्या भाड्याने देणारे, ज्यांचा धंदाच फोनवरच्या बुकिंगवर होता, ते हात चोळत बसले. ज्यांना माहीत होतं त्यांनी दुसऱ्या कंपनीचा पाच आकडी कोड आधी फिरवून कॉल काढले, पण सामान्य माणसाच्या तो कुठे लक्षात असतो! कंपनीचं बुडालेलं उत्पन्नच सहा कोटी डॉलरच्या वर गेल्याचं सांगतात. कुणी तरी नेटवर्कमध्ये घुसून हे केलं असावं अशी शंकाही बोलून दाखवली गेली. तसलं काही नव्हतं.

बेडमिन्स्टरच्या अभियंत्यांनी आधी नेहमीचे उपाय केले. ते लागू पडले नाहीत. अखेर जो लागू पडला तो दिसायला फार साधा होता: सिग्नलिंगच्या जाळ्यावरचा निरोपांचा भार त्यांनी कमी केला. रात्री साडेअकराच्या सुमारास शेवटचा स्विच शांत झाला.

हा उपाय का लागू पडला, हे मला या प्रकरणातलं सर्वांत रंजक वाटतं. चूक जागी होते ती दोन निरोप दहा मिलिसेकंदांच्या आत आले तरच. निरोप कसेही, आपापल्या मर्जीने येतात असं धरा आणि एरलांगच्याच जातीचं सोपं गणित करा. सरासरी दर दहा मिलिसेकंदांना एक निरोप येत असेल, तर पुढचा निरोप त्या धोक्याच्या खिडकीत पडण्याची शक्यता ६३ टक्के. शंभर मिलिसेकंदांना एक असेल, तर साडेनऊ टक्के. सेकंदाला एक असेल, तर एक टक्का. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, त्या दिवशीचे मोजलेले नाहीत. पण वळण दिसतं: भार दहापट उतरवला की चूक जागी होण्याची शक्यता जवळजवळ तेवढ्याच पटीने उतरते. मग एक स्विच पडून उठताना सरासरी एकापेक्षा कमी स्विचना पाडतो आणि साथ आपोआप विझते. चूक दुरुस्त झालेली नसते. तिला भेटायला येणारे लोक कमी झालेले असतात.

उलट बाजूने बघा. नवा प्रोग्राम डिसेंबरच्या मध्याला चढवला. मध्ये नाताळ गेला, नवं वर्ष गेलं, म्हणजे अमेरिकेत घरोघरी फोन फिरवायचे दिवस. तेव्हा जाळं पडलं नाही. म्हणजे नुसत्या गिऱ्हाइकांच्या भाराने काही होत नव्हतं. एखादा स्विच बंद होऊन परत यायला हवा होता आणि परतताना तुंबलेलं एकदम सोडायला हवं होतं. माझ्या सीनियरचा प्रश्न इथे लावला तर उत्तर येतं: भार यंत्रांचा. यंत्रं एकमेकांना आपली तब्येत कळवत होती, त्याचा.

पुढे चूक सापडली ती सी भाषेतल्या एका 'ब्रेक'मध्ये. 'स्विच' नावाच्या रचनेच्या आत एक 'इफ' होतं आणि त्या 'इफ'मध्ये हा 'ब्रेक'. लिहिणाऱ्याला वाटलं, तो 'इफ'मधून बाहेर काढेल. सी भाषेत तो 'इफ'ला ओळखतच नाही, थेट सभोवतालच्या 'स्विच'मधून बाहेर काढतो. त्यामुळे मधली, निरोप नीट जपून ठेवण्याची कामं वगळली गेली. टेलिफोनच्या स्विचला सी भाषेतल्या 'स्विच'ने पाडलं, हा विनोद लोकांना फार आवडतो. मलाही आवडला होता.

पण सगळं खापर त्या 'ब्रेक'वर फोडणं मला पटत नाही. तसल्या चुका प्रत्येक मोठ्या प्रोग्रामात असतात, काही तर निवृत्त होईपर्यंत सापडत नाहीत. माझ्या मते खरी निवड दोन ठिकाणी चुकली. एक म्हणजे, वेगळा 'मी परत आलो' निरोप जाणं म्हणजे एक छोटा थांबा जाणं. त्या खातरजमेत जो वेळ वाया जातो असं वाटत होतं, तोच वेळ समोरच्याला वही पुरी करायला मिळत होता. दुसरं म्हणजे राखीव प्रोसेसर. हार्डवेअर बिघडलं तर जोडीदार उपयोगी. प्रोग्रामच चुकला असेल तर जोडीदार म्हणजे तोच माणूस, दुसऱ्या शर्टात.

ओव्हरलोडचा अलार्म हाताळणाऱ्याने यातून काय उचलावं, यावर माझं आमच्या एका मित्राशी कायम भांडण होतं. तो म्हणतो, एवढ्या मोठ्या जाळ्यात आपोआप सावरणं हाच एक मार्ग आहे, माणूस चार सेकंदांत काय करणार? बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की सावरलेल्या स्विचने परत येताना एकदम सगळं सोडू नये. पाण्याचा पंप बंद करून पुन्हा सुरू करताना आपण व्हॉल्व्ह हळूहळूच उघडतो ना! सिग्नलिंगमध्ये कॉलना मध्ये अंतर ठेवून सोडायची सोय असते, म्हणजे अमुक सेकंदांत एकच. ती आपण दुसऱ्याने पाठवलेल्या गर्दीवर लावतो. स्वतः उठताना स्वतःवर लावत नाही. मित्र म्हणतो, मग उठायला वेळ लागेल. लागू दे की.

आणखी एक. आपल्या कक्षातल्या पडद्यावर कॉलचे आकडे मोठ्या अक्षरात असतात: आलेले, लागलेले, परत गेलेले. सिग्नलिंगच्या दुव्यावर किती निरोप जातायत, ते कुठल्या तरी आतल्या पानावर. मी पुढे नोकरीत असेपर्यंत रोज सकाळी ते आतलं पान आधी उघडायचो. दर कॉलमागे किती निरोप, एवढा एकच भागाकार. तो साधारण एका जागी राहतो. कॉल तेवढेच आणि निरोप वाढलेले दिसले, तर गिऱ्हाइकांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. दोनदा हा भागाकार बिघडलेला सापडला. दोन्ही वेळा कारण किरकोळ निघालं, पण अलार्म लागायच्या आधी.

हे प्रकरण एकटंही नाही. पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, वॉशिंग्टन परिसरात आणि लॉस एंजलिसमध्ये स्थानिक फोन आडवे झाले. सिग्नलिंगचे निरोप वळवणाऱ्या यंत्रांमध्ये लाखो ओळींच्या प्रोग्रामात तीन ओळी बदलल्या होत्या. बदल लहान म्हणून पूर्ण चाचणी घेतलेली नव्हती. तिथे तर गर्दी झाली की शेजाऱ्याला 'गर्दी झाली' असं सांगणाऱ्या निरोपांचीच गर्दी झाली.

न्यू यॉर्कच्या प्रकरणात मंगळवारपासूनच नवा प्रोग्राम काढून जुना परत चढवायला घेतला. 'मी परत आलो' हा निरोप पुन्हा जाऊ लागला, एक जास्तीचा निरोप, थोडा जास्तीचा वेळ. आणि गिऱ्हाइकांची नाराजी काढायला कंपनीने काय केलं, तर १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला, लांब पल्ल्याच्या कॉलवर दिवसभर सवलतीचा दर जाहीर केला. एरवीच फोन फिरवायचा दिवस, वर स्वस्त दर. आपल्या रात्री अकराच्या पाव दरासारखंच, फक्त दिवसाढवळ्या आणि अख्ख्या देशाला.

त्या दिवशी नेटवर्क उभं राहिलं.